पेनड्राइव्हवरची स्क्रिप्ट, गावोगावचे कॉम्प्युटर

महिन्यातून तीनदा, दहा दिवसांचं दूध बिल काढायची वेळ आली की मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून गाडी काढते आणि करवीर-कागलकडच्या चार-पाच दूध संस्थांची ऑफिसं करते. काम ठरलेलं आहे. संकलनाच्या मशीनमधून निघालेली यादी घ्यायची, सभासदवार लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) जुळवायचं, म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं, आणि सचिवांच्या हातात बिलाचा तक्ता ठेवायचा. कॅल्क्युलेटर घेऊन बसलं तर एका संस्थेला अर्धा दिवस जातो. मी लिहिलेल्या स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमला, दोन मिनिटं पुरतात.

पण प्रत्येक ठिकाणचा कॉम्प्युटर निराळा. एका संस्थेत अजून विंडोज ७, दुसरीकडे १०, नव्या इमारतीत गेलेल्या संस्थेत ११. एके ठिकाणी इंटरनेट म्हणजे सचिवांचा मोबाइल. एके ठिकाणी ॲडमिनचा पासवर्ड ज्या मुलानं कॉम्प्युटर बसवला त्याच्याकडेच आहे, आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरीला. अशा ठिकाणी काही इन्स्टॉल करायचा विचारही करू नये. म्हणून माझं सगळं सामान पेनड्राइव्हवर असतं: पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, स्क्रिप्ट, सेटिंग. लावायचा, चालवायचा, काढायचा.

ज्यांनी थोडंफार पायथन किंवा एखादी बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीनं लिहिलेली टेक्स्ट फाइल) लिहिली आहे, जी घरी छान चालते आणि दुसरीकडे नेली की अडून बसते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोल्हापुरात असं फिरतीचं काम करणारे पुष्कळ आहेत. पतसंस्थांचा हिशेब बघणारे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंगच्या वजनांचे तक्ते करणारे, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीचा हिशेब करणारे. त्या सगळ्यांना दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात. आपण कुठे आहोत ते स्क्रिप्टनं स्वतः ओळखायला हवं, आणि निघताना दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तिनं काही मागे ठेवता कामा नये. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, फोनवरून सांगावं तशी. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत करा, आकडेही इंग्रजी.

पेनड्राइव्ह निवडताना

१६ किंवा ३२ जीबी भरपूर झाला. स्क्रिप्ट आणि पायथन मिळून १०० एमबीसुद्धा होत नाहीत. चांगल्या कंपनीचा, बिलासकट घ्या. बाहेरून मोठा आकडा छापलेले पण आत त्याहून कितीतरी कमी मेमरी असलेले पेनड्राइव्ह बाजारात फिरतात. त्यांच्यावर सुरुवातीच्या फाइली नीट बसतात आणि नंतरच्या निमूटपणे खराब होतात. नवा पेनड्राइव्ह आणला की तो पूर्ण भरेल एवढ्या फाइली कॉपी करून, परत उघडून एकदा बघाच.

फॉरमॅट करताना तीन नावं समोर येतात. एनटीएफएस विंडोजला उत्तम, पण मॅक ते फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही. फॅट ३२ सगळीकडे चालतो, पण ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि आजच्या लिनक्सवर तिन्हीकडे वाचता-लिहिता येतो. २०१९ साली आलेल्या ५.४ कर्नलपासून लिनक्सच्या गाभ्यातच त्याची सोय झाली. मी एक्सफॅट वापरते. पेनड्राइव्हला एक छोटं नावही द्या. मी ‘दूध’ दिलंय. मॅक आणि लिनक्सवर तो या नावानंच दिसतो.

दुसऱ्याच्या ऑफिसात शक्यतो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट वर्षानुवर्षं वापरून ढिले झालेले असतात, आणि फाइल लिहिताना जोडणी क्षणभर तुटली तरी ती फाइल गेली.

फोल्डर एकदाच नीट लावा

पेनड्राइव्हच्या मुळाशी एकच फाइल ठेवा: चालवा.बॅट. बाकी सगळं फोल्डरांत. ‘पायथन’मध्ये पायथन, ‘कोड’मध्ये माझ्या स्क्रिप्ट, ‘आवक’मध्ये संस्थेकडून घेतलेली यादी, ‘जावक’मध्ये तयार झालेला तक्ता, ‘नोंद’मध्ये काय झालं, काय अडलं याची फाइल. आवक-जावक रजिस्टर प्रत्येक संस्थेत असतंच, त्यामुळे सचिवांनाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नावांत मोकळी जागा सोडू नका.

मुळाशी एकच फाइल असण्याला कारण आहे. मी नसताना सचिवांनी पेनड्राइव्ह लावला तरी कशावर दोनदा क्लिक करायचं हा प्रश्न पडत नाही. ‘लावल्या लावल्या आपोआपच सुरू झालं तर?’ असं पुष्कळजण विचारतात. ती सोय पूर्वी होती. २००८ मध्ये आलेल्या कॉनफिकरसारख्या व्हायरसनी पसरायला तिचाच वापर केला. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ती बंद झाली, आणि जुन्या एक्सपी-व्हिस्टासाठीही २०११ च्या फेब्रुवारीत अपडेट देऊन बंद केली गेली. एक डबल-क्लिक करावा लागतो, तो करावा.

ड्राइव्हचं अक्षर, जिथे बहुतेकजण अडतात

घरी पेनड्राइव्ह ई ड्राइव्ह म्हणून दिसतो. स्क्रिप्टमध्ये तुम्ही ई लिहून टाकता. संस्थेत गेल्यावर तोच एफ होतो, कारण तिथे डीव्हीडी ड्राइव्हनं ई अडवलेला असतो. कार्ड रीडर असलेल्या कॉम्प्युटरवर तो थेट आय किंवा जे होतो. स्क्रिप्ट ई वर जाऊन शोधते, तिथे काही नसतं, आणि आज्ञांची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होते. काय झालं ते वाचताही येत नाही.

यावरचा उपाय बॅच फाइलमध्ये आधीपासून आहे: टक्का, मग टिल्ड म्हणजे ती नागमोडी खूण, मग डी, पी आणि शून्य. सगळं चिकटून, मध्ये मोकळी जागा नाही. शून्य म्हणजे ही बॅच फाइल स्वतः. डी म्हणजे तिचा ड्राइव्ह, पी म्हणजे तिचा पाथ, फोल्डरांचा पत्ता. पाच खुणा मिळून अर्थ होतो, ‘मी ज्या फोल्डरात आहे तो’. हे एकदा उमजलं की ड्राइव्हचं अक्षर आयुष्यात पुन्हा लिहावं लागत नाही.

माझी चालवा.बॅट पाच ओळींची आहे. पहिली ओळ, ॲट चिन्ह लावून ‘एको ऑफ’, म्हणजे प्रत्येक आज्ञा पडद्यावर उमटत नाही. दुसरी ‘सेटलोकल’. फाइलीत मी जी काही सेटिंग बदलेन ती या फाइलीपुरतीच राहतील, संस्थेच्या कॉम्प्युटरला त्यांची झळ लागणार नाही. तिसरी ‘पुशडी’, म्हणजे ‘या फोल्डरात जा’, आणि पुढे दुहेरी अवतरणचिन्हांत वरच्या पाच खुणा. चौथी, ‘पायथन’ फोल्डरातल्या पायथन.ईएक्सईला ‘कोड’ फोल्डरातली बिल.पीवाय चालवायला सांगणारी. पाचवी ‘पॉझ’, म्हणजे काम झाल्यावर किंवा अडल्यावर खिडकी थांबून राहते आणि काय लिहून आलंय ते वाचता येतं. नव्यांनी दुसरं काही विसरलं तरी चालेल, पॉझ विसरू नये.

तिसऱ्या ओळीत ‘सीडी’, ही फोल्डर बदलायची नेहमीची आज्ञा, का नाही? साधा सीडी ड्राइव्ह बदलत नाही. तुम्ही सीवर असाल आणि सीडीनं एफवरच्या फोल्डरात जायला सांगितलंत तर तो काही बोलत नाही आणि जागचा हलतही नाही. सीडीला ‘/डी’ जोडावं लागतं. पुशडीला ती आठवण ठेवावी लागत नाही.

पायथन, इन्स्टॉल न करता

पायथनच्या अधिकृत साइटवर विंडोजसाठीच्या डाउनलोडमध्ये ‘एम्बेडेबल पॅकेज’ नावाची झिप फाइल मिळते. साधारण १० एमबीची. ३.५ आवृत्तीपासून ती दिली जाते. झिप उघडून सगळ्या फाइली ‘पायथन’ फोल्डरात टाकल्या की झालं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, काही लिहिलं जात नाही, ॲडमिन लागत नाही.

तीन गोष्टी मात्र आधी माहीत असू द्या. यात पिप (बाहेरची पॅकेज आणून बसवणारा) नसतो आणि टीकेइंटर (खिडक्या-बटणं बनवणारं) नसतं. माझं मत असं की नवशिक्यानं त्यांच्या मागे लागूच नये. हिशेबाच्या कामाला लागणारं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता), तारीख-वेळ, एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) हे सगळं पायथनच्या सोबतच येतं. बाहेरचं पॅकेज जितकं कमी, तितका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दगा कमी.

दुसरी गोष्ट जास्त छळते. घरी इन्स्टॉल केलेल्या पायथनवर बिल.पीवायच्या शेजारी दर.पीवाय ठेवली आणि तिला ‘इम्पोर्ट’ केलं तर चालतं. पेनड्राइव्हवर तीच जोडी ‘असं मॉड्यूलच नाही’ म्हणते. फाइल डोळ्यांसमोर असते, तरी सापडत नाही. कारण ‘पायथन’ फोल्डरात पायथन हा शब्द, आवृत्तीचा आकडा आणि शेवटी टिंब, अंडरस्कोर, पीटीएच अशा नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल असते. ती आहे तोवर पायथन फक्त तिच्यात लिहिलेल्या जागाच बघतो, स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर बघत नाही. नोटपॅडमध्ये ती उघडा आणि एक ओळ वाढवा: दोन टिंबं, उलटी तिरपी रेघ, कोड. म्हणजे ‘एक पायरी वर जा आणि कोड फोल्डरात बघ’. ही जागा त्या फाइलीपासूनच मोजली जाते, त्यामुळे ड्राइव्हचं अक्षर इथेही लागत नाही. या एका ओळीसाठी माझी पूर्ण रविवारची दुपार गेली होती.

तिसरी गोष्ट विंडोज ७ ची. पायथन ३.९ आणि त्यापुढचा त्यावर चालतच नाही, तिथे ३.८ पर्यंतच. विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि पायथन ३.८ चाही २०२४ मध्ये संपला. तेव्हा असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असू नये, हे संस्थेला सांगणं आपलं काम आहे. पण सचिवांना उद्याचं बिल आज हवं असतं. म्हणून ३.८ ची ३२ बिटची झिप मी वेगळ्या फोल्डरात ठेवते. ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही विंडोजवर ती चालते. तरीही ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशा नावाची डीएलएल नाही म्हणून अडलं, तर त्या विंडोजला जुने अपडेट मिळालेले नाहीत असं समजा. ते अपडेट ॲडमिनशिवाय बसत नाहीत.

स्क्रिप्टच्या आतही जागा शोधायची पद्धत तीच. पायथनमध्ये ‘फाइल’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावले की स्क्रिप्टचा स्वतःचा पत्ता मिळतो. पाथलिबमधून त्याचा आईबाप फोल्डर, म्हणजे ‘कोड’, घ्या, तिथून आणखी एक पायरी वर जा आणि आवक, जावक, नोंद तिथून मोजा.

तारीख आणि मराठी अक्षरं

एकदा जावक फोल्डर उघडला आणि त्यात तारखेची फाइल नव्हतीच. होता एक फोल्डर, त्यात दुसरा, त्यात तिसरा. मी तेव्हा बॅच फाइलमधल्या ‘डेट’वरून फोल्डराचं नाव ठेवत होते. माझ्या घरी तारीख भारतीय पद्धतीनं, मध्ये आडव्या रेघा देऊन येते. त्या ऑफिसातला कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर होता. तिथे तारखेत तिरप्या रेघा आल्या, आणि विंडोजनं प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे नवा फोल्डर असं धरलं. त्याहून वाईट म्हणजे ०५ आणि १२ यांत महिना कोणता हे पुढे कळेनासं झालं. ५ डिसेंबरचं बिल की १२ मेचं?

तेव्हापासून बॅच फाइलीत मी तारखेला हात लावत नाही. पायथनला तारीख विचारायची आणि ‘आयएसओफॉरमॅट’नं लिहायची. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कुठल्याही सेटिंगच्या कॉम्प्युटरवर ती तशीच येते, आणि फाइली नावानं लावल्या की आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात.

पण कॉम्प्युटरलाच तारीख चुकीची वाटत असेल तर? कागलकडच्या एका संस्थेत हे घडलं. रात्री लाइट गेली होती. सकाळी स्क्रिप्ट चालवली तर स्क्रिप्टनं काम थांबवलं आणि लिहिलं, ‘वर्ष बरोबर नाही’. सचिव म्हणाले, ‘ताई, लाइट गेली की त्येचं असंच हुतंय बघा. आमी रोज सकाळी घड्याळ लावतोय.’

‘अण्णा, आतला सेल संपलाय त्याचा. रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ म्हणून मागा.’

‘एवढंच व्हय? मग आजच आणतो की.’

दुपारी त्यांनी गावातल्याच दुकानातून सेल आणला आणि बदलून घेतला. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती तपासणी आहे म्हणून त्या दिवशी चुकीच्या वर्षाचं बिल छापलं गेलं नाही. तुम्हीही घाला. स्क्रिप्ट लिहिली ते वर्ष तिच्यात नोंदवा, आणि कॉम्प्युटरचं वर्ष त्याहून मागचं दिसलं तर काम थांबवा. दोन ओळींचं काम आहे.

मराठी अक्षरांचं तितकंच महत्त्व आहे, कारण बिलावर सभासदाचं नाव चुकलं की तो ते घेत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. विंडोजवर पायथन फाइल उघडताना तुम्ही काही सांगितलं नाही तर तो त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे अक्षरं वाचतो. म्हणून फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८’ असं स्पष्ट लिहा. तक्ता सीएसव्हीत लिहिताना मात्र ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. त्यानं फाइलीच्या सुरुवातीला एक छोटी खूण बसते, आणि एक्सेलला डबल-क्लिक करून उघडल्यावरही नावं नीट दिसतात. ती खूण नसेल तर ‘पाटील’च्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात आणि सचिव घाबरतात.

काळ्या खिडकीत मराठी छापायच्या नादी लागू नका. जुन्या खिडकीत वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. पडद्यावर फक्त ‘ओके’ आणि आकडे दाखवा, मराठी मजकूर ‘नोंद’मधल्या फाइलीत लिहा. काही संस्थांची सभासद यादी जुन्या लिपी-सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (अक्षरांची आजची सगळीकडे चालणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असते. ती फाइल फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. स्क्रिप्टचा त्यात दोष नसतो. ती यादी एकदा बसून युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि नावं एकेक करून सचिवांसोबत वाचावी लागतात.

डेटाची नक्कल

बिल झालं की संकलनाच्या डेटाची एक नक्कल मी पेनड्राइव्हवर घेते, अर्थात संस्थेनं सांगितलं असेल तरच. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दिवसचे दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. नदीकाठच्या गावांत तळमजल्यावर कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क, अशी स्थिती मी पाहिली आहे. नक्कल दुसऱ्या इमारतीत असावी, जमल्यास दुसऱ्या गावात.

नक्कल करायला विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ व्हिस्टापासून आहेच. आधी स्रोत, मग ठिकाण लिहायचं. ठिकाण म्हणून त्या पाच खुणा अवतरणचिन्हांत लिहिल्यात तर तो चक्रावतो. पाच खुणांतून निघणाऱ्या पत्त्याचा शेवट उलट्या तिरप्या रेघेनं होतो, आणि त्या रेघेला लागून अवतरणचिन्ह आलं की रोबोकॉपीला वाटतं अवतरण अजून संपलेलंच नाही. शून्यानंतर, अवतरणचिन्हाच्या आधी, एक टिंब द्या, किंवा फोल्डराचं नाव जोडा. टिंबाचा अर्थ ‘हेच फोल्डर’, त्यामुळे पत्ता बदलत नाही आणि घोटाळा मिटतो.

सोबत दोन पर्याय लावा. ‘/ई’ म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. ‘/एफएफटी’ म्हणजे वेळेत दोन सेकंदांचा फरक चालेल, कारण फॅटच्या पेनड्राइव्हवर फाइलची वेळ दोन सेकंदांच्या मापातच नोंदली जाते आणि त्याशिवाय रोबोकॉपी न बदललेल्या फाइलीही पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतो. काम झाल्यावर तो १ हा आकडा परत देतो. नव्या माणसाला वाटतं बिघडलं. इथे १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. ८ च्या खालचे आकडे काळजीचे नाहीत, ८ किंवा त्यावरचा आला तर थांबून बघा.

‘/एमआयआर’ हा पर्याय इंटरनेटवर सगळीकडे सुचवलेला दिसतो. नव्यांनी तो वापरू नये असं मी कळकळीनं सांगते. तो दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करतो, म्हणजे स्रोतात जे नाही ते ठिकाणावरून पुसतो. एका संस्थेत नवा कॉम्प्युटर आला होता. फोल्डर तयार होता, डेटा अजून भरायचा होता. मी नेहमीप्रमाणे स्क्रिप्ट चालवली आणि पेनड्राइव्हवरची सहा महिन्यांची नक्कल रिकाम्या फोल्डराबरोबर ‘सारखी’ झाली. घरी दुसरी प्रत होती म्हणून निभावलं.

परवानगी, व्हायरस, हरवलेला पेनड्राइव्ह

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावण्याआधी विचारायचं. ओळख कितीही जुनी असो. बँकांत आणि पुष्कळ सरकारी ऑफिसांत यूएसबी पोर्ट मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तिथे आडवाटेनं जायचं नाही. पॉवरशेलची (विंडोजमधल्याच दुसऱ्या आज्ञा-भाषेची) स्क्रिप्ट विंडोजनं अडवली की ती अडवणूक टाळायला ‘बायपास’ लावा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्या कॉम्प्युटरवर ते तुमचं तुम्ही ठरवा. संस्थेच्या कॉम्प्युटरवर अडलं तर अडलं, ज्याच्याकडे तो कॉम्प्युटर आहे त्याच्याशी बोलायचं. पायथनच्या स्क्रिप्टची ईएक्सई बनवूनही नेऊ नका. अँटिव्हायरस अशा फाइलींवर वारंवार संशय घेतो आणि ऐन वेळी उडवून टाकतो. टेक्स्ट फाइल उघडून कुणालाही वाचता येते, आणि सचिवांनी ‘यात काय आहे?’ विचारलं तर दाखवता येते.

शॉर्टकट व्हायरस अजूनही फिरतो. एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आले आणि पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसले, कोपऱ्यात छोटा बाण असलेले. त्यांवर क्लिक करायचं नाही. मूळ फोल्डर बहुधा गेलेले नसतात, लपवलेले असतात. काळी खिडकी उघडून पेनड्राइव्हच्या अक्षरावर जा आणि ‘ॲट्रिब’ची आज्ञा द्या: वजा एच, वजा आर, वजा एस, तारांकित खूण, /एस, /डी. फोल्डर परत दिसू लागतात. हवा तो डेटा तेवढा काढून घ्या, अँटिव्हायरसनं तपासा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि घरच्या मूळ प्रतीवरून स्क्रिप्ट पुन्हा भरा. तेव्हापासून प्रिंटसाठी माझ्याकडे वेगळा पेनड्राइव्ह आहे, त्यात पीडीएफशिवाय काही नसतं.

फेरी संपवून घरी आल्यावर माझ्या स्क्रिप्ट कुणी बदलल्या नाहीत ना हेही मी बघते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ असतोच. त्याच्यापुढे वजा हॅशफाइल, मग फाइलचं नाव, मग एसएचए२५६ लिहिलं की ६४ अक्षरांची एक ओळ मिळते. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार बदलते. मूळ प्रतींच्या ओळी मी घरच्या वहीत चिकटवून ठेवल्यात.

पेनड्राइव्ह कधीतरी केएमटीच्या बसमध्ये पडेल, हे धरूनच चाला. त्यात सभासदांची नावं, बँक खाती, रकमा असतात. लोकांच्या अशा माहितीसाठी २०२३ मध्ये कायदाही झाला आहे, पण कायदा नसता तरी ती आपल्यावर विश्वासानं सोपवलेली माहिती आहे. मी संस्थेतून निघण्याआधी आवक-जावक ७-झिप या प्रोग्रॅमनं पासवर्ड लावून बंद करते. तो एईएस-२५६ पद्धतीनं कुलूप लावतो आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालतो. झिप नको, ७झेड हा प्रकार निवडा आणि फाइलींची नावंही लपवायची खूण करा, नाहीतर आत काय आहे ते बाहेरून वाचता येतं. नुसतं डिलीट करण्यावर विसंबू नका, पुसलेल्या फाइली परत काढता येतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर

बॅच फाइल तिथे चालत नाही. तेवढ्यापुरती मुळाशी, चालवा.बॅटच्या शेजारी, चालवा.एसएच ही दुसरी फाइल ठेवा. एक्सफॅटवर ‘चालवता येणारी फाइल’ ही खूण टिकत नाही, म्हणून तिच्यावर क्लिक न करता टर्मिनलमध्ये ‘बॅश’ लिहून पुढे तिचं नाव द्या. ती फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळींच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर बसतं आणि लिनक्स त्यावर अडतो. एडिटरमध्ये ‘एलएफ’ (ओळ संपवायची लिनक्सची पद्धत) निवडून सेव्ह करा. उबुंटूवर पायथन असतोच, ‘पायथन’ फोल्डर तिथे निरुपयोगी. आणि तिथे ‘बिल’चं पहिलं अक्षर मोठं की छोटं यानं फरक पडू शकतो, म्हणून सगळी नावं छोट्या अक्षरांतच ठेवा.

पहिल्यांदा बाहेर नेण्याआधी

घरीच परीक्षा घ्या. ‘सब्स्ट’ नावाची आज्ञा आहे. तिच्यापुढे एखादं रिकामं अक्षर, समजा एक्स, आणि मग तुमच्या फोल्डराचा पत्ता दिला की तो फोल्डर एक्स ड्राइव्ह म्हणून दिसतो. ॲडमिन लागत नाही. तिथून स्क्रिप्ट चालली तर अक्षर कुठे लिहून राहिलेलं नाही. मग तारखेचं सेटिंग अमेरिकन करून चालवा. मग शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद करून. मग आवक फोल्डर रिकामा ठेवून. रिकाम्या यादीवर स्क्रिप्टनं शून्य रुपयांचं बिल काढता कामा नये, ‘यादी मिळाली नाही’ असं सांगून थांबायला हवं.

संस्थेत काम झालं की तक्ता सचिवांच्या कॉम्प्युटरवर ते सांगतील त्या फोल्डरात ठेवा आणि तिथूनच उघडून दाखवा, पेनड्राइव्हवरून नको. नाहीतर एक्सेलच्या अलीकडच्या फाइलींच्या यादीत असं नाव राहतं जे उद्या उघडणार नाही, आणि बिल गायब झालं म्हणून सचिवांचा फोन येतो. पेनड्राइव्ह काढताना ‘वापरात आहे’ असं आलं तर ओढून काढू नका. बहुतेक वेळा काळी खिडकी मागे उघडीच राहिलेली असते, किंवा एक्सेलमध्ये आवकेतली यादी. दोन्ही बंद करा, पुन्हा इजेक्ट म्हणा, दिवा विझू द्या, मग काढा.